आधी तराजू, मग भिंग: घरातलं 'सिकंदराचं नाणं' कसं ओळखावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजीच्या दागिन्यांच्या डब्यात सोन्याचं एक नाणं निघालं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेलं मस्तक, दुसऱ्या बाजूला पंख असलेली उभी स्त्री आणि तिच्या शेजारी ग्रीक अक्षरं. वरच्या कडेला कधीकाळी कडी डाखलेली होती, तिची खूण आहे. चित्र अगदी स्वच्छ उठलंय. सराफाकडे वजन भरलं 7.98 ग्रॅम. घरात सगळे त्याला 'सिकंदराचं नाणं' म्हणतात. ते अस्सल आहे का, तो चेहरा सिकंदराचा आहे का, आणि सिकंदर पंजाबपर्यंत आला होता म्हणजे ही नाणी आपल्याकडे चालत होती का, असं तुम्ही विचारलंय.

आधी मनाला न रुचणारं सांगून टाकतो. फोटो न बघताही मला हे नाणं अस्सल वाटत नाही, आणि त्याचं कारण तुम्हीच लिहून पाठवलेला आकडा आहे. माझी अनेक वर्षांची सवय अशी की प्राचीन सोन्याचं नाणं समोर आलं की आधी तराजू, मग भिंग. चित्राची नक्कल हुशार कारागीर करू शकतो. वजनाकडे मात्र नक्कल करणाऱ्याचं सहसा दुर्लक्ष होतं, कारण त्याचं गिऱ्हाईक चित्र बघून भुलणारं असतं.

अलेक्झांडरच्या, म्हणजे सिकंदराच्या, सोन्याच्या नाण्याला स्टेटर म्हणतात. त्याचं वजन 8.6 ग्रॅम, म्हणजे जुन्या तोळ्याने पाऊण तोळ्याला किंचित कमी. हे अथेन्सचं माप: चांदीचा एक द्राक्मा 4.3 ग्रॅमचा, आणि स्टेटर दोन द्राक्मांच्या वजनाचा. सोनं गंजत नाही, आणि ही नाणी रोजच्या बाजारात फिरून झिजायची नाहीत, त्यामुळे चांगल्या स्थितीतला स्टेटर आजही 8.5 ते 8.6 च्या दरम्यान भरतो. तुमच्या नाण्यात सहा दशांश ग्रॅम कमी आहे. एवढं सोनं झिजून गेलं असतं तर आधी चित्राचे उंचवटे गेले असते: नाक, शिरस्त्राणाचा तुरा, पंखांच्या रेघा. कडा कातरल्या असत्या तर नाण्याच्या काठावर दिसलं असतं. चित्र स्वच्छ, काठ पूर्ण आणि तरीही वजन 7.98, हे जमत नाही.

मग 7.98 हा आकडा कुठून आला? कुठल्याही जुन्या सराफाला विचारा, तो लगेच सांगेल: ही गिनी. इंग्लंडच्या राणीचं किंवा राजाचं मस्तक असलेली सोन्याची गिनी, म्हणजे सॉव्हरिन, 7.98 ग्रॅमची आणि 22 कॅरेटची असते. माझा अंदाज असा की कुणी तरी गिनीच्या वजनाचं सोनं घेऊन त्यावर ग्रीक छाप उठवला आणि गळ्यात घालायला कडी लावली. यात फसवणुकीचा हेतू असेलच असं नाही. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेचंच बघा ना. पुतळी हे नाव व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटलाही होतं, आणि तसल्या नाण्यांच्या नकला करून सोनारांनी पिढ्यान्‌पिढ्या माळा ओवल्या. लोक चित्र ओळखतात, अक्षरं वाचत नाहीत.

याची खात्री घरच्या घरी करता येते. मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा सराफी काटा मिळवा. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पेल्याला कुठेही न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवा. काट्यावर जो आकडा दिसेल, तेवढ्या ग्रॅम पाण्याची जागा नाण्याने घेतली. 22 कॅरेटचं असेल तर तो आकडा 0.45 च्या आसपास येईल, जवळजवळ शुद्ध सोन्याचं असेल तर 0.415 च्या. फरक लहान आहे, पण चांगला काटा तो दाखवतो. अलेक्झांडरच्या टाकसाळी जवळजवळ शुद्ध सोनं वापरायच्या. तांबं मिसळून सोनं कठीण करायची पद्धत गिनीची, त्यांची नव्हे. कसोटीच्या दगडावर मात्र नाणं घासू देऊ नका. माझा अंदाज चुकून नाणं अस्सल निघालंच, तर तो ओरखडा जन्मभर सलत राहील.

आता चेहऱ्याचं. तो अलेक्झांडर नाही, ती ग्रीकांची देवी अथेना आहे. घरोघरी आणि कधीकधी विकणाऱ्यांच्या पाटीवरसुद्धा हीच चूक असते. शिरस्त्राण कॉरिंथ शहराच्या घडणीचं, कपाळावरून मागे सरकवलेलं, आणि त्यावर बहुतेक वेळा साप किंवा पंख असलेलं श्वापद कोरलेलं. मानेवर उतरलेल्या केसांच्या बटा बघितल्या की शंका राहत नाही. पंखांची स्त्री म्हणजे नीके, विजयाची देवी. तिच्या एका हातात पुष्पचक्र, दुसऱ्या हातात काठीसारखं काही असतं, ती जहाजाच्या डोलकाठीची खूण. समुद्रावरच्या कोणत्या विजयाकडे हा इशारा आहे यावर अभ्यासकांत वाद आहे. हा छाप नेमका कधी सुरू झाला, गादीवर येताच इ.स.पू. 336 मध्ये की तीनचार वर्षांनी इराणी साम्राज्यावर स्वारी केल्यानंतर, यावरही आहे.

शेजारची अक्षरं 'अलेक्सांद्रू' अशी वाचायची. ग्रीक भाषेतली ही षष्ठी: 'अलेक्झांडरचं'. राजाचं नाव कर्ता म्हणून येत नाही, मालक म्हणून येतं. ही लकब लक्षात ठेवा, खाली ती आपल्याला नाशिकजवळ पुन्हा भेटणार आहे.

जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर घालणं त्या वेळच्या ग्रीक जगात रूढ नव्हतं. नाण्यावर देव असायचे. अलेक्झांडरचा चेहरा नाण्यांवर ठळकपणे आला तो इ.स.पू. 323 मध्ये बॅबिलोनला तो वारल्यानंतर, त्याच्या सरदारांच्या हातून, कारण त्यांना त्याच्या नावाचा आधार हवा होता. लायसिमॅकस नावाच्या सरदाराच्या सोन्याच्या नाण्यावर अलेक्झांडरचं मस्तक आहे आणि कानाशी मेंढ्याचं वळलेलं शिंग, इजिप्तच्या आमोन देवाचा पुत्र असल्याची खूण. चेहरा हवा असेल तर लायसिमॅकसचं नाणं बघा. माझ्या मते त्या काळातलं ते सर्वांत देखणं मस्तक आहे. लायसिमॅकस इ.स.पू. 281 मध्ये लढाईत पडला, तरी काळ्या समुद्राकाठच्या शहरांनी त्याच्या नावाचे स्टेटर पुढची जवळजवळ दोनशे वर्षं पाडले. त्यातल्या शेवटच्या काही नाण्यांवर अलेक्झांडरच्या मस्तकात तिथल्याच पाँटस देशाच्या मिथ्रिडेटिस राजाचा चेहरा मिसळलेला दिसतो.

एवढं सोनं पाडलं कशासाठी, हे समजलं की नाण्याकडे बघायची नजर बदलते. सुरुवात अलेक्झांडरच्या बापापासून, दुसऱ्या फिलिपपासून होते. इ.स.पू. 356 मध्ये त्याने पँगायोन डोंगराजवळचं क्रेनिडेस गाव घेतलं, त्याला फिलिपी हे स्वतःचं नाव दिलं आणि तिथल्या खाणी नेटाने चालवल्या. डायोडोरस हा इतिहासकार वर्षाला हजार टॅलेंटहून जास्त उत्पन्न सांगतो. टॅलेंट हे वजन, अथेन्सच्या मापाने सुमारे 26 किलो. फिलिपच्या सोन्याच्या नाण्यावर अपोलो आणि मागे दोन घोड्यांचा रथ. ऑलिंपियातले आपल्या रथांचे विजय तो नाण्यांवर मिरवत असे, असं प्लुटार्क लिहितो. हे नाणं इतकं पसरलं की रोमन सेनापती फ्लॅमिनिनस याने इ.स.पू. 194 मध्ये मॅसिडोनियाच्या विजयाची मिरवणूक काढली, तेव्हा तीत 14,514 'फिलिपी' सोन्याची नाणी होती, असं लिव्ही नोंदवतो. पुढे गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, केल्ट लोकांनी त्याच्या नकला केल्या, नकलांच्या नकला केल्या, आणि रथाचा घोडा हळूहळू नुसत्या रेघा-ठिपक्यांत विरघळून गेला.

अलेक्झांडरच्या हाती मात्र खाणीपेक्षा मोठं घबाड आलं: इराणच्या सम्राटांचे खजिने. सूसाला 40,000 टॅलेंटहून जास्त सोनं-चांदी आणि शिवाय 9,000 टॅलेंट सोन्याच्या दारिक नाण्यांत, पर्सेपोलिसला 1,20,000 टॅलेंट, असे डायोडोरसचे आकडे आहेत. ते शब्दशः धरू नयेत, पण प्रमाणाची कल्पना येते. पिढ्यान्‌पिढ्या कोठारात निजलेला धातू नाणं होऊन बाहेर पडला. त्याचा परिणाम दरात दिसतो. इराणी व्यवस्थेत 8.4 ग्रॅमच्या दारिकला 5.6 ग्रॅमची चांदीची वीस नाणी पडत, म्हणजे सोन्याला चांदीच्या सव्वातेरा पटीहून थोडा जास्त भाव. अलेक्झांडरच्या व्यवस्थेत 8.6 ग्रॅमच्या स्टेटरला 4.3 ग्रॅमचे वीस द्राक्मा, सरळ दहा पट. चांदीच्या तुलनेत सोनं स्वस्त झालं होतं, असाच याचा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो.

आणि हे सोनं गेलं कुठे? सैनिकाच्या कमरेच्या पिशवीत. भाडोत्री सैनिकाला दिवसाला साधारण एक द्राक्मा धरला तर एक स्टेटर म्हणजे वीस दिवसांचा पगार. असलं नाणं घेऊन कुणी भाजी आणायला जात नव्हतं. इ.स.पू. 324 मध्ये बॅबिलोनच्या उत्तरेला ओपिस इथे अलेक्झांडरने सुमारे 10,000 म्हाताऱ्या, जखमी मॅसिडोनियन सैनिकांना घरी धाडलं. आरियन हा इतिहासकार सांगतो की प्रत्येकाला चढलेल्या पगाराखेरीज एक टॅलेंट बक्षीस मिळालं. एक टॅलेंट म्हणजे 6,000 द्राक्मा. चांदीत घेतलं तर पाठीवर 26 किलो ओझं. सोन्यात घेतलं तर 300 स्टेटर, अडीच किलोच्या वर थोडं. बॅबिलोनहून मॅसिडोनियापर्यंत चालत जायचं असेल तर माणूस काय मागेल? मी विद्यार्थ्यांना हे गणित फळ्यावर मांडायला लावतो. लढाया जिथे आणि जेव्हा जोरात, तिथे आणि तेव्हा सोनं पडतं. लढाई थांबली, खजिना संपला, की टाकसाळीतून सोनं बंद होतं आणि चांदी चालू राहते.

याला एक जबरदस्त अपवाद आहे: इजिप्त. मला या सगळ्यात सर्वांत जास्त ओढ इजिप्तच्याच सोन्याची आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

अलेक्झांडरनंतर इजिप्त त्याच्या टॉलेमी नावाच्या सरदाराकडे गेलं. या पहिल्या टॉलेमीने अथेन्सचं माप सोडून दिलं. चार द्राक्मांचं चांदीचं नाणं 17.2 ग्रॅमवरून पायरीपायरीने सुमारे 14.2 ग्रॅमवर आणलं आणि बाहेरचं नाणं देशात चालणार नाही अशी व्यवस्था बसवली. व्यापाऱ्याने बंदरात उतरायचं, आपली नाणी द्यायची आणि बदल्यात हलकी इजिप्तची नाणी घ्यायची. आपल्या सराफीतला शब्द वापरायचा तर नाण्यामागे सहाव्या हिश्श्याहून जास्त बट्टा, तोही राजाचा आणि सक्तीचा.

दुसऱ्या टॉलेमीच्या काळात सोन्याचं मोठं नाणं आलं, 27.8 ग्रॅमचं, म्हणजे सुमारे दोन तोळे साडेचार मासे. त्याला 'म्नाइएयोन' म्हणत, कारण त्याची किंमत एक म्ना, म्हणजे चांदीचे शंभर द्राक्मा. एका प्रकारावर दोन्ही बाजूंना दोन-दोन चेहरे आहेत: पुढे दुसरा टॉलेमी आणि त्याची सख्खी बहीण व राणी आर्सिनोए, मागे त्यांचे आईबाप. चार माणसांचं घराणं एका नाण्यावर. आर्सिनोए वारल्यावर एकट्या तिच्या नावाचं नाणं निघालं, डोक्यावरून पदरासारखं वस्त्र घेतलेलं मस्तक आणि मागे फळांनी भरलेली जोडशिंगं. हातात घेतल्यावर त्याचं वजन जाणवतं, आणि हे नाणं देवघरासाठी केलं की बाजारासाठी असा प्रश्न मला दर वेळी पडतो.

इजिप्तच्याच टाकसाळीतल्या एका अधिकाऱ्याचं पत्र पपायरसवर टिकलंय. इ.स.पू. 258 सालचं. लिहिणारा देमेत्रियस, घेणारा राजाचा अर्थमंत्री अपोलोनियस. देमेत्रियस कळवतो की 57,000 सोन्याची नाणी घेतली, नव्याने पाडली आणि परत केली. याच्या कितीतरी पट आली असती. पण समुद्रमार्गे येणारे परदेशी, व्यापारी, दलाल आपली नाणी आणि जुनी सोन्याची नाणी बदलून मागतात, राजाचा हुकूमही तसाच आहे, आणि तरी वरचा एक अधिकारी घेऊ देत नाही. लोक कुरकुरतात. सोनं पेढीवर घेत नाहीत, टाकसाळीत घेत नाहीत, त्यामुळे गावोगावी माल खरेदीला माणूस पाठवता येत नाही, पैसा पडून राहतो आणि नुकसान होतं. साडेबावीसशे वर्षांपूर्वीची ही तक्रार वाचताना खिडकीसमोरची रांग डोळ्यांपुढे उभी राहते. नाणं हातात धरून जे कळत नाही ते हे एक पत्र सांगतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हे सोनं इजिप्तच्या दक्षिणेकडच्या वाळवंटातल्या खाणींतून यायचं. अगाथार्किडीस या ग्रीक लेखकाने केलेलं तिथलं वर्णन डायोडोरसमुळे वाचलं. कैदी, युद्धात धरलेली माणसं, कधी एकाच्या अपराधासाठी त्याचं सगळं कुटुंब, पायांत बेड्या. कपाळाला दिवे बांधून काळोख्या बोगद्यांत दगड फोडणारे पुरुष, फुटलेले तुकडे वेचून बाहेर आणणारी लहान मुलं, जात्यांवर दगडाचं पीठ करणाऱ्या बायका आणि म्हातारे. मग ते पीठ उतरत्या फळीवर धुवायचं, आणि राहिलेलं सोनं शिसं, मीठ, थोडं कथील व सातूचा कोंडा घालून बंद मडक्यात पाच दिवस-रात्र तापवायचं. आर्सिनोएच्या नाण्याचा कस उत्तम आहे तो यामुळे. मी व्याख्यानात ते नाणं दाखवलं की हे वर्णनही वाचून दाखवतो.

आता आपल्या बाजूला येऊ. सिकंदर इ.स.पू. 326 मध्ये पंजाबात होता, पण म्हणून त्याचे स्टेटर इथल्या बाजारात चालले असं म्हणता येत नाही. इथे तेव्हा चांदीची आहत नाणी होती, राजाच्या चेहऱ्याऐवजी चिन्हांचे ठोके असलेली. पुढे अलेक्झांडरचा सरदार सेल्युकस याने चंद्रगुप्त मौर्याशी तह करून 500 हत्ती घेतले, आणि हत्ती त्याच्या नाण्यांवर आले. त्याच्या सोन्याच्या एका नाण्यावर आर्टेमिस देवी हत्तींच्या रथात उभी आहे.

हिंदुकुशाच्या पलीकडे, बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडे, ग्रीक राजांनी सोनं जोमाने पाडलं. डायोडोटसचे स्टेटर आहेत, युथिडेमसचे आहेत, आणि युक्रेटायडिसचं ते अजस्र नाणं आहे: 169.2 ग्रॅम, 58 मिलिमीटर व्यास, वीस स्टेटरचं एक. साडेचौदा तोळे! प्राचीन जगातलं टिकून राहिलेलं हे सर्वांत मोठं सोन्याचं नाणं. ते बुखाऱ्याकडून पॅरिसला पोचलं, तिसऱ्या नेपोलियनने 1867 मध्ये विकत घेतलं आणि आज फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मात्र हिंदुकुश ओलांडून हेच ग्रीक राजे अलीकडे आले आणि सोनं जवळजवळ थांबलं. मिनँडर, म्हणजे आपला मिलिंद, याच्या नाण्यांचे ढीग आहेत, पण चांदीचे आणि तांब्याचे. त्यांनी इथल्या लोकांना सवयीचं असलेलं नाणं द्यायचं ठरवलं: कधी चौकोनी, अथेन्सच्या मापापेक्षा हलकं, एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला इथल्या खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. पुन्हा षष्ठी: 'महाराज, त्राता मिनँडर याचं'.

ही नाणी खाली भडोचपर्यंत पोचली. अपोलोडोटस आणि मिनँडरची जुनी नाणी तिथे अजून चालतात, असं इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या सागरी मार्गदर्शिकेत लिहिलंय. त्यांच्याच धर्तीवर क्षत्रप नहपानाने चांदीची नाणी पाडली, राजाचं मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरं, मागे ब्राह्मी व खरोष्ठीत 'रञो छहरातस नहपानस', म्हणजे पुन्हा षष्ठीच: 'राजा क्षहरात नहपान याचं'. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे 1906 साली त्यांचा 13,000 हून जास्त नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे, आणि काहींवर त्याच्या ठशाखालून ग्रीक अक्षरं अजून डोकावतात. ग्रीक नाण्यांशी महाराष्ट्राचं खरं नातं इथे आहे, चांदीत. अस्सल काही हाताळायचं असेल तर ते शोधा.

तुमच्या नाण्याबाबत आता एवढं करा. ते लिंबू, चिंच, ब्रश कशानेही घासू नका. डाखाची खूण तशीच राहू द्या. दोन्ही बाजूंचे सरळ आणि काठाचे तिरप्या उजेडातले फोटो काढा. ओतीव नक्कल असेल तर काठावर साच्याची शिवण किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात, आणि ठोकलेल्या नाण्यात अक्षरांभोवती धातू ताणला गेल्याच्या रेघा. पाण्यातल्या वजनाचा आकडा फोटोंसोबत लिहा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. जवळच्या एखाद्या नाणी-अभ्यासकाला दाखवलं तरी चालेल. नाणं घरातून पिढ्यान्‌पिढ्या आलंय, त्यामुळे 1878 चा निखात निधीचा कायदा तुम्हाला लागू होत नाही, तो जमिनीत सापडलेल्या धनासाठी आहे. पण शंभर वर्षांहून जुनं ठरलं तर ते परदेशी पाठवून विकता येणार नाही. आणि तपासणीत गिनीचं सोनं निघालं, तर कडी पुन्हा डाखून घ्या. आजी ते घालायची, तसं घाला.